वाटणी अजून झालेली नाही, मग ही शांती कुठली?

सुरंगी

थोडे सविस्तर लिहिते आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

वेंगुर्ले आणि मालवण यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमचे गाव आहे. नारळीपोफळीची एक वाडी, तिच्यात बाबांनी बांधलेले चिऱ्याचे घर, विहिरीजवळची दोन रातांब्याची झाडे आणि सातबाऱ्यावर दादाचे व माझे नाव, एवढीच आमची इस्टेट. बाबा २०१६ साली गेले. आई त्याआधीच गेली होती. दादा मुंबईतली नोकरी संपवून २०१९ मध्ये गावी परतला आणि वर्षभराच्या आत त्याने माझ्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. "तुझे लग्न बाबांनी करून दिले, आता तुझे काय राहिले?" असे तो म्हणाला. मी सही केली नाही. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात आमच्या पडवीवर माड कोसळला. दादाचे घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तो आला नाही. पुढच्या वर्षी माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. तेव्हापासून त्यांची होडी झापांखाली झाकून ठेवलेली आहे, इंजिनाच्या कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत. मी शिवणकाम करते आणि मे महिन्यात आमसुले वाळवून विकते. दादाला हे सगळे माहीत होते, म्हणून माझा राग अधिक होता. परक्याने पाठ फिरवली तर माणूस चार दिवसांत विसरते. सख्ख्या भावाने फिरवलेली पाठ रोज विहिरीवर पाणी काढताना समोर दिसते.

यंदा बाबांच्या वर्षदिनाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, होती. आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, अशा मिस्सेला घरच्या माणसांनी पुढच्या बाकावर बसायची रीत आहे, त्यामुळे दादा, वहिनी आणि मी एकाच बाकावर आलो. ज्यांना मिस्सेचा क्रम ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतात, आणि तिच्यात जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, अशी अट आपण आपल्याच तोंडाने घालून घेतो. पुढे मिनिटभरातच फादर सांगतात की आता एकमेकांना शांतीचे अभिवादन करा. पळायला जागाच नसते. मी दादाकडे वळले आणि हात जोडले. त्यानेही जोडले, पण त्याची नजर माझ्या चपलांवर होती. त्याच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती, बहुधा नारळ सोलताना कोयता लागला असावा. बाबांच्याही अंगठ्याला अशीच पट्टी कायम असायची. तेवढ्यात "देवाच्या कोकरा" ही पुढची प्रार्थना सुरू झाली आणि आम्ही दोघेही पुढे पाहू लागलो.

आमच्यात काहीही मिटले नाही. परतताना तो एका वाटेने गेला, मी दुसऱ्या. तरीही त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर या झोपेचीच मला भीती वाटली. माझ्या हक्काचे काय झाले? मी हरले की काय? की स्वतःचीच समजूत घालून घेते आहे?

मग मी बायबलातले, फिलिप्पैकरांस प्रेषित पौलाने लिहिलेले पत्र काढले. बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती, हे वाक्य आपल्याकडे घरोघरी तसबिरीत असते. ते चौथ्या अध्यायाच्या सातव्या वचनात आहे. त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात काय आहे, हे मी इतकी वर्षे नीट पाहिलेच नव्हते. तिथे पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नाव घेऊन विनवतो की तुम्ही एकचित्त व्हा. त्यांचे भांडण कशावरून होते आणि ते पुढे मिटले का, हे पत्रात कुठेही नाही. लिहिणारा स्वतः बेड्यांत होता. म्हणजे ज्या शांतीची तसबीर आपण भिंतीवर लावतो, तिच्या एका बाजूला न मिटलेले भांडण आहे आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग आहे.

त्या वचनात ही शांती तुमची अंतःकरणे "राखील" असे म्हटले आहे. फादरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की मूळ ग्रीक शब्द सैन्याच्या पहाऱ्याचा आहे, आणि फिलिप्पै ही रोमन सैनिकांची वसाहत असल्यामुळे तिथल्या लोकांना तो लगेच कळला असेल. मला मात्र आंब्याच्या बागेतला राखणदार आठवला. तो रात्रभर पत्र्याचा डबा बडवतो. वानरे जगातून नाहीशी करणे त्याला शक्य नसते आणि ते त्याचे कामही नव्हे. ती बागेत शिरू नयेत, एवढेच तो पाहतो. माझ्या मनाची कोणीतरी तशी राखण करीत आहे, असे मला अलीकडे वाटते. दादा तोच आहे, कर्ज तेवढेच आहे, पण रात्री मनात शिरून फळे ओरबाडणारे विचार कुंपणाबाहेर राहतात.

ही शांती खरी म्हणावी का? ज्यांनी घरचे वैर आणि ओढगस्त दोन्ही सोसले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.

खाडीकाठ

सुरंगीताई, मी ख्रिस्ती नाही. गुहागर तालुक्यातला वारकरी घरातला आहे, तरी एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागताना माउलींनी खळांची व्यंकटी सांडो असे म्हटले, म्हणजे दुष्टपणा नाहीसा व्हावा असे मागितले. तुमच्या लिहिण्यात दादांचा वाकडेपणा तसाच राहतो आणि तुम्ही तेवढ्या शांत होता. यात फायदा कोणाचा झाला? आमच्या भावकीतही असेच झाले होते. आत्या देवभोळी होती. "विठ्ठल बघून घेईल" म्हणत तिने सही केली आणि विठ्ठलाच्या आधी चुलत्यांनी बघून घेतले. श्रद्धेने मिळणारी शांती बहुतेक वेळा दुबळ्यालाच का मिळते, हे मला अजून उमगलेले नाही.

सुरंगी

खाडीकाठ, राग कसला, मी स्वतःला हेच विचारत होते. एवढेच सांगते की मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. आधी सही न करण्यामागे राग होता, आता तो नाही, एवढा फरक पडला आहे. रागाच्या भरात मी दोनदा वाडीचा अर्धा भाग परक्याला विकून टाकायला निघाले होते, केवळ दादाला झोंबावे म्हणून. तो वेडेपणा आता सुचत नाही. आत्यांसाठी मात्र वाईट वाटले.

तांडेल

मी वसईच्या बाजूचा. चाळीस वर्षे दर्यावर काढली, आता मुलगा बोट चालवतो. शांतीचा विषय निघाला की चर्चमध्ये येशूने सरोवरातले वादळ शांत केल्याचा बायबलातला उतारा वाचतात, मार्क, अध्याय ४. तो ऐकताना मला नेहमी वाटते की याची खरी गंमत खलाशालाच कळते.

गालीलचा समुद्र हा समुद्र नव्हेच, ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ रुंद. ते समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली आहे आणि भोवताली डोंगर आहेत. डोंगरावरचा थंड वारा एकदम खाली कोसळतो आणि घटकाभरात पाणी उसळते. अशा आखूड पाण्यातली लाट मोठ्या दर्यातल्या लाटेपेक्षा वाईट असते, कारण दोन लाटांच्या मध्ये होडीला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. मला तर घरातले भांडण तसेच वाटते. बाहेरच्या जगाशी भांडण म्हणजे खोल दर्या, त्यात निदान लाट येताना दिसते. घरात चार भिंतींच्या आत पाणी उसळले की सुकाणू धरायलाही वेळ मिळत नाही.

१९८६ साली दुष्काळात त्या सरोवराचे पाणी ओसरले तेव्हा चिखलात येशूच्या काळातली एक होडी सापडली. लांबी आठ मीटरांहून थोडी जास्त आणि रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास. माझ्या वडिलांची पहिली होडी साधारण तेवढीच होती. एवढ्या होडीत डझनभर माणसे घाबरून ओरडत असताना प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला होता. उशीचा उल्लेख फक्त मार्कने केला आहे. शिष्यांनी त्याला उठवताना जे शब्द वापरले ते प्रार्थनेचे नाहीत, चक्क तक्रारीचे आहेत: आम्ही बुडतो आहोत आणि तुला काहीच वाटत नाही का? आमच्या घरी बायकोच्या आजारपणात मी हेच म्हटले होते, तेही याहून वाईट शब्दांत. फादरांना सांगितले तर ते हसले आणि म्हणाले, "त्याला उठवलेत ना? मग झाले."

आणखी एक बाब. मार्क लिहितो की त्याच्याबरोबर दुसऱ्या होड्याही होत्या. पुढे त्यांचे काय झाले ते कोणी विचारत नाही. वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला असणार, आणि का पडला हे त्यांना कधीच कळले नसेल. सुरंगी, तुझा दादा त्या दुसऱ्या होडीत असेल.

शिंपला

हा धागा वाचून मी पहिल्यांदाच येथे लिहीत आहे. तांडेलकाकांचे लिहिणे आवडले, पण एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याला दारूचे व्यसन होते आणि तो हात उचलायचा. नातेवाइकांतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला सांगितले की प्रत्येकाला आपापला क्रूस उचलावा लागतो, तू प्रार्थना कर आणि गप्प राहा. मी सहा वर्षे गप्प राहिले. त्या काळात मला शांती मिळाली असे मी सगळ्यांना सांगत असे. आता कळते की ती शांती नव्हती, ती बधिरता होती. दोन्हींत फरक कसा ओळखावा, असे कोणी विचारले तर मी माझ्यापुरते उत्तर देईन. बधिरतेत मला मुलीचे रडणे ऐकू येत नसे.

शेवटी एका सिस्टरने मला बाजूला बसवून विचारले की ख्रिस्ताने क्रूस स्वतः होऊन स्वीकारला, हा मार तू स्वीकारला आहेस की तुझ्यावर लादला आहे? तिनेच दाखवले की कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत ११५३ वे कलम आहे, आणि त्यानुसार जोडीदारापासून शरीराला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास रास्त कारण असते. मला वाटत होते की घर सोडले तर मी देवालाही सोडले. ते कलम वाचून मी अक्षरशः ओक्साबोक्शी रडले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे आणि त्याखाली न्यायालय राहत्या घरातून न काढण्याचा आदेशही देऊ शकते, हे मला पुढे कळले. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत. मन अगदी खचले तर टेलिमानसचा १४४१६ आहे. हे क्रमांक प्रार्थनेच्या पुस्तकात लिहून ठेवले तर काही बिघडत नाही. मी ठेवले आहेत.

स्तोत्रसंहितेतले ५५ वे स्तोत्र मला फार जवळचे आहे. शत्रूने छळले असते तर सोसले असते, पण हा तर माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात होतो, असे तो कवी म्हणतो. बायबलात असे स्पष्ट गाऱ्हाणे आहे, हे मला गप्प राहायला सांगणाऱ्या बाईंना माहीत नसावे. मी ते स्तोत्र मोठ्याने म्हणू लागले तिथून माझी खरी शांती सुरू झाली. नवऱ्याला मी क्षमा केली आहे, पण त्याला तीन वर्षे लागली. तो आता दारू सोडल्याचे सांगतो. त्याला मी अंगणापर्यंत येऊ देते. उंबरठ्याच्या आत नाही.

बुधवारकर

मला वाटते आपण सारे फार विचार करतो. मी नोकरीसाठी मुंबईत असताना सलग नऊ बुधवार माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये निरंतर साहाय्य मातेच्या नोव्हेनाला गेलो. नवव्या आठवड्यात माझ्या भावाचा स्वतःहून फोन आला. तो नोव्हेना १९४८ पासून तिथे दर बुधवारी चालू आहे आणि सगळ्या धर्मांचे लोक रांगा लावतात, ते उगाच नव्हे. सुरंगीताईंनी नोव्हेना करावा, दादा नक्की वळतील.

शिंपला

बुधवारकर, आपल्या भावाचा फोन आला याचा आनंद आहे. पण "नक्की" हा शब्द तेवढा मागे घ्यावा. मी दोनदा पूर्ण नोव्हेना केला होता आणि दुसऱ्या नोव्हेनाच्या आठव्या बुधवारी माझा हात मोडला. स्तोत्र ८८ वाचून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपते. तरी ते बायबलातून कोणी काढून टाकले नाही.

बुधवारकर

शब्द मागे घेतो. आपल्याला दुखवायचा हेतू नव्हता.

सातबारा

माझा पेशा वकिलीचा असल्यामुळे थोडे रुक्ष लिहितो.

सुरंगीताई, आपल्या वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे, आणि लग्न करून दिले म्हणून मुलीचा वाटा कमी होत नाही. आई आधी गेल्यामुळे आपणा दोघांचा निम्मा निम्मा वाटा होतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यामुळे घरगुती कागदावर घाईघाईने केलेली सही कुठेच टिकत नाही. भांडण तेवढे वाढवते. भाऊ तयार असेल तर आपसांत वाटप करून मोजणी करून घेणे दिवाणी दाव्यापेक्षा केव्हाही बरे. दाव्यात बाप लढतो आणि निकाल नातू ऐकतो.

आता कायद्याबाहेरचे. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला माझा वाटा द्यायला सांगा. कोकणातला प्रत्येक पाद्री हा प्रसंग ओळखील! येशूने साफ नकार दिला आणि मला तुमची वाटणी करणारा कोणी नेमले, असे उलट विचारले. पण गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली बापाचा वाटा मागायला मोशेपुढे उभ्या राहतात, आणि देव म्हणतो की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मी दोन्ही उतारे अशिलांना सांगतो. वाटा मागणे पाप नाही, आणि वाट्याचा निकाल लागला की मन आपोआप शांत होईल ही अपेक्षाही खरी नाही. तीस वर्षांत मी दावा जिंकून झोप हरवलेली बरीच माणसे पाहिली.

पौल रोमकरांस लिहितो की साधेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा. एकाच वाक्यात दोन अटी आहेत. वकिलाने लिहावे तसे ते वाक्य आहे.

केळशीची वाट

मी दापोली तालुक्यातला, प्रॉटेस्टंट घरातला. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला आले तेव्हापासून आमच्या भागात मिशनचा वावर आहे. माझे वडील पाळक होते आणि त्यांच्या कपाटातला ग्रीक नवा करार मी चाळत असे, म्हणून सातबारा यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो.

क्षमा करणे यासाठी ग्रीक नव्या करारात जे क्रियापद नेहमी येते, त्याचा साधा अर्थ सोडणे असा आहे. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी भाषांतरात "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" असे जे आपण म्हणतो, तेथे तेच क्रियापद आहे. आणि मार्कच्या पहिल्या अध्यायात शिमोन आणि अंद्रिया आपली जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तेथेही तेच आहे. जाळे सोडले म्हणजे ते फुकट होते, असे कोणी म्हटलेले नाही. ते त्यांच्या पोटाचे साधन होते. हातातून सुटले एवढेच. त्यामुळे ऋण सोडणे आणि हक्क सोडणे या दोन गोष्टी एक नाहीत. दादांवरचा राग सोडता येतो आणि सातबाऱ्यावरचे नाव ठेवता येते.

पण मला खरे लिहायचे आहे ते वेगळेच. श्रद्धेमुळे घरे जुळतात असे आपण सांगतो, परंतु श्रद्धेमुळे घरे तुटलीही आहेत. आमच्याच तालुक्यातल्या करजगावात १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. चारपाच वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली. नंतर त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे सांभाळत, स्वयंपाक वेगळा ठेवत राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. स्मृतिचित्रे हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना मला नेहमी जाणवते की इतक्या दुःखाची हकीगत सांगताना त्या बाईंच्या लेखणीला हसू फुटते, आणि टिळकांचा रागीटपणा, उधळेपणा त्या मुळीच झाकत नाहीत. ज्या माणसाने आपले घर मोडले, त्याचे दोष हसत सांगता येणे ही मला शांतीची सर्वांत खात्रीची खूण वाटते. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ख्रिस्तायन हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

खाडीकाठ यांच्यासाठी एवढेच की टिळकांनी ख्रिस्ताविषयी लिहिले ते अभंगांत. आमच्या देवळात आजही ते टाळांवर म्हटले जातात. तुमच्या आमच्या ओट्यांमध्ये वाटते तेवढे अंतर नाही.

तांडेल

जाळे सोडण्यावरून आठवले. जाळे खडपात अडकले की तांडेल आधी ओढून पाहतो, मग बोट फिरवून उलट बाजूने ओढतो. तरीही निघाले नाही तर कोयत्याने कापून सोडावे लागते. जाळ्याची किंमत सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे कापणाऱ्याशी त्या दिवशी कोणी बोलत नाही. पण न कापता ओढत राहिलेल्या दोन बोटी उलटलेल्या मी पाहिल्या आहेत.

खाडीकाठ

वकीलसाहेबांचे उत्तर वाचून आत्याची आठवण झाली; तिला हे कोणी सांगितले नाही. केळशीची वाट, आपल्याकडच्या अभंगांचे ध्वनिमुद्रण असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात पाठवावे. माझा प्रश्न पूर्ण सुटला असे नाही, पण शिंपला यांनी बधिरता आणि शांती यांत केलेला फरक मी लिहून ठेवला आहे.

सुरंगी

अडीच महिन्यांनी लिहिते आहे. मध्ये पावसाने वीज आणि नेटवर्क दोन्ही नेले होते.

सातबारा यांच्या सांगण्यावरून मी दादाला एक पत्र लिहिले, टपालाने पाठवले. तीन घरे पलीकडे राहणाऱ्या माणसाला टपालाने पत्र पाठवले म्हणून पोस्टमन चक्रावला होता. पत्रात वाटप करू या, मोजणीची फी निम्मी निम्मी भरू या, आणि विहीर सामाईक ठेवू या, एवढेच होते. तौक्तेचा माड लिहिला होता, मग तो परिच्छेद खोडला, मग खोडलेले दिसते म्हणून सारे पत्र पुन्हा लिहिले. उत्तर आलेले नाही.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली. आमच्या होडीवरचे झाप काढून मी ती मेहुण्याला चालवायला दिली आहे, म्हणजे हप्ता तरी सुटेल. यजमान काठी घेऊन बंदरापर्यंत चालत गेले आणि होडी पाण्यात लोटताना पाहत उभे राहिले. मला वाटले होते की त्यांना वाईट वाटेल, पण ते घरी येऊन पोटभर जेवले.

काल १५ ऑगस्ट, मरीयामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. दुपारी दादाचा नातू एक स्टीलचा डबा घेऊन आला आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून पळाला. वहिनीने हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या होत्या. झाकण उघडल्याबरोबर वास सगळ्या घरात भरला. आईच्या हातच्या पातोळ्यांत गुळाबरोबर थोडी वेलची जास्त असे. या तशाच होत्या, म्हणजे वहिनीने ती रीत टिकवली आहे. मला हे माहीत नव्हते.

डबा वहिनीने पाठवला की दादाने सांगून पाठवायला लावला, हे मी विचारलेले नाही. तो घासून ठेवला आहे. रिकामा डबा परत करायची आपल्याकडे रीत नाही. मे महिन्यात वाळवलेली आमसुले शिल्लक आहेत, पण ती त्या विहिरीजवळच्या रातांब्यांची, म्हणजे वकिली हिशेबाने निम्मी दादाचीच. किती भरू, असे मी यजमानांना विचारले. पक्षाघातानंतर ते मोजकेच बोलतात. म्हणाले, "मावतील तितकी."